दाजींनी तेल खालून भरलं

महिनाभर दाजींनी त्या मोटरसायकलीला बोट लावलं नव्हतं. पूर्वी जिथे जाळी सुकत पडायची, तिथे खळ्यात ती उभी असायची आणि दाजी तिला वळसा घालून जायचे. नको असलेला पाहुणा दारात ठाण मांडून बसावा, तसं त्यांना वाटायचं.

गाडीने बिचारीने काही बिघडवलं नव्हतं. राग होता तो प्रवासाच्या बेताचा. त्यांची लेक नेत्रा पतसंस्थेत नोकरीला होती. तिने कोल्हापूरच्या एका माणसाकडून ही जुनी पण दणकट गाडी घेतली आणि जाहीर केलं, की आईला मागे बसवून कन्याकुमारीला नेणार. आईने, म्हणजे धोंडूबाईने, उभा जन्म मासे विकले, पाटी घेऊन एसटीने कधी लांजा गाठलं, कधी राजापूर. "दोनी बाजूला समुद्र हाय म्हंतात तिथं, येकदा बगायचाय," हे तिचं टुमणं नेत्रा शाळेत होती तेव्हापासूनचं. आता तर बातमी मासळीबाजारात आणि मिऱ्या गावात घरोघर पोचली होती. लाल हेल्मेट आलं होतं, आणि ते घालून धोंडूबाईने एकदा भाकऱ्यासुद्धा थापल्या होत्या, सवय व्हावी म्हणून.

दाजी मात्र रोज नवी हरकत काढायचे. कधी कंबर मोडेल, कधी घाटात पडाल, कधी लोक हसतील. लोक हसतच होते, पण कौतुकाने.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी नेत्रा नट-बोल्टचे पाने काढून गाडीजवळ बसली. लांबच्या प्रवासाआधी मागचं गिअर-तेल बदला, असं कोल्हापूरच्या माणसाने बजावलं होतं. नेहमीच्या गाडीला मागचं चाक फिरवायला चेन असते. हिला चेनच नाही. इंजिनापासून चाकापर्यंत एक दांडा जातो आणि चाकाशी एका बंद डब्यात गिअर फिरतात. त्या डब्याचं तेल वेगळं, पाणी प्यायच्या भांड्यात मावेल एवढंच.

दाजी ओटीवर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून लेकीकडे बघत होते. तिने पाना बोल्टवर तिरपा बसवला मात्र, आणि त्यांचा धीर सुटला. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी होडीचं मशीन सांभाळलं होतं. कुठेतरी मशीन उघडलं जातंय आणि आपण बसून आहोत, हे त्यांच्या हाडालाच पटेना.

"सरक. बोल्टची कानं खाशील तू." त्यांनी गुडघ्यावर हात देत बसकण मारली, डबा नीट बघितला आणि त्यांचा चेहराच उजळला. "अगो, ह्या तर आपल्या होडीच्या आउटबोर्ड मशीनचा शेपूट हाय! पाण्यात पंख्याला लागून असतो, तोच डबा. तिथं पंखा, हितं चाक."

महिन्याचा रुसवा तिथेच विरघळला. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी केली, खाली घमेलं ठेवलं, खालचा बोल्ट काढला. काळपट तेल संथपणे उतरलं. दाजींनी ते दोन बोटांत चोळलं, वास घेतला. "दुधाळ नाय. पाणी शिरलेला नाय." बोल्टच्या टोकाला लोहचुंबक होता, त्यावर करड्या चिखलासारखं काहीतरी बसलं होतं. "हे बारीक हाय, हे असायचाच. चकाकते तुकडे असते तर मी तुला जाऊ दिलं नसतं." म्हणजे आता ते जाऊ देणार होते. नेत्राने हे ऐकलं आणि शहाण्यासारखा बोल्ट पुसायला घेतला.

गडबड झाली ती नवं तेल भरताना. नेत्रा म्हणाली, "बाबा, वरचा बोल्ट काढून वरून ओतायचं. भोकाच्या कडेला तेल लागलं की बास."

"वरून?" दाजींनी तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "वरून ओतलंस की हवा अडकते आत. गिअरात तेल खालून चढवायचं. वरच्या भोकातून डोकावलं की आधी वरचा बोल्ट लावायचा, मग खालचा. येक थेंब सांडत नाय."

होडीच्या मशीनला हे शंभर टक्के खरं आहे, आणि त्यात दाजींचा हात धरणारं कुणी नव्हतं. वरचा बोल्ट काढून त्यांनी पेटीतून तेल भरायचा छोटा पंप घेतला, नळी खालच्या भोकात खुपसली, नेत्राने कुरिअरने मागवलेली बाटली पंपाला लावली आणि दाबत राहिले. तेल वर डोकावलं. "बगलंस?" त्यांनी वरचा बोल्ट घट्ट केला, ऐटीत नळी ओढली आणि खालचा बोल्ट उचलला.

आउटबोर्डचा डबा हवाबंद असतो. वरून हवाच शिरत नाही, म्हणून खाली भोक असूनही तेल थबकतं. या गाडीच्या डब्याला मात्र माथ्यावर हवा खेळायला एक बारीक नळी होती. ती दाजींना कुठली ठाऊक? तेल धो धो आलं. दाजींच्या मनगटावरून कोपरापर्यंत, टायरवर, आणि उरलेलं घमेल्यातल्या जुन्या काळ्या तेलात. त्यांनी भोकाला अंगठा लावेपर्यंत आत थांबण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

रविवार, दुकानं बंद. बाटली एकच. नेत्रा डोक्याला हात लावून जांभ्याच्या पायरीवर बसली.

आणि धोंडूबाई दारात उभी होती. तिने टायर बघितला, घमेलं बघितलं, शेवटी नवऱ्याकडे बघितलं.

"मुद्दाम केलंत?" तिने विचारलं.

ओरडली असती तर दाजी सवाई ओरडले असते. पण तिने अगदी हळू विचारलं, आणि दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. महिनाभर हरकती काढून त्यांनीच तर ही समजूत पाणी घालून वाढवली होती. आता गाडी उद्या निघाली नाही तर साऱ्या मिऱ्यावर एकच गोष्ट सांगितली जाणार, म्हाताऱ्याने बायकोचा समुद्र अडवला. मिऱ्याचं सोडा, हिलाही तसंच वाटणार, मरेपर्यंत.

"नाय गो," एवढंच ते म्हणाले. धोंडूबाई भांड्यांचा साबण घेऊन टायर घासायला बसली.

दाजी चप्पल न घालताच निघाले, ते थेट केरूच्या घरी. गुडघे बोलायला लागल्यावर होडी त्यांनी केरूला विकली होती, आणि तेव्हापासून त्या वाटेला ते फिरकले नव्हते. आपली होडी दुसऱ्याच्या दारात बघवत नव्हती. आज मात्र त्यांनी होडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"केरू, गिअर-तेल हाय?"

"तुमीच तर होडीबरोबर दिलेली बाटली, दाजी. फोडलेली पन नाय." केरूने त्यांच्या तेलकट हाताकडे बघितलं. "काय, घरात मशीन बसवलंत?"

नेत्राने बाटलीवरचे आकडे आणि गाडीच्या पुस्तकातले आकडे दोनदा ताडून पाहिले. एटी डब्ल्यू नाइन्टी, जीएल फाइव्ह. अक्षर न् अक्षर तेच. दाजींचा जीव भांड्यात पडला. आता त्यांनी खालचा बोल्ट आधी लावला, मग लेकीने सांगितलं तसं वरून, देवाला तेल घालावं इतकं जपून ओतलं. कडेला लागलं तसे थांबले. "वरूनच," ते पुटपुटले. नेत्राने हसू दाबलं.

"आता फिरवून बगायला हवी," धोंडूबाई म्हणाली. "होडीवर काय रिवाज होता तुमचा?"

दाजींनी मान खाली घातली. मशीन ज्याने उघडलं, त्याने पहिल्या फेरीला बसायचं. रिवाज त्यांनीच पाडलेला.

लाल हेल्मेट दाजींच्या डोक्यावर चढलं. पावसच्या रस्त्याला लागेपर्यंत दाजी लेकीच्या जॅकेटला लोंबकळत देवाचं नाव घेत होते. भाट्याच्या पुलावर वारा भेटला आणि नाव थांबलं. पुढे चढावर, डाव्या हाताला कलमांच्या बागा आणि उजवीकडे खाली लखलखता समुद्र आला, तेव्हा ते मागून ओरडले, "वाडव! आनखी वाडव!" समुद्र त्यांनी आयुष्यभर पाहिला होता, पण तो असा बाजूने पळताना कधी नाही.

परतल्यावर त्यांनी गुडघे टेकून डब्याखाली बोट फिरवलं. कोरडं. मग तिथेच बसून, बायकोकडे न बघता म्हणाले, "मुद्दाम नाय केलं. पन सांडलं तेवा जरा बरा वाटला, खोटा कशाला बोलू. तू नसलीस की घरात मी काय करू?"

"मी काय करत व्हते? तुमी चार-चार दिस दर्यात. तेवा फोन तरी व्हते काय?" धोंडूबाईने हेल्मेट त्यांच्या डोक्यावरून उपसून काढलं. "शिकाल."

सकाळी अर्धं मिऱ्या निरोपाला जमलं. नऊवारीवर जॅकेट चढवून धोंडूबाई मागे बसली आणि बाजारातल्या बायकांनी अशी आरोळी ठोकली की कोंबड्या माडांत पळाल्या. दाजींनी पुन्हा एकदा बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "जा. सावकाश या. सगळा बगून या."

दुपारी त्यांनी भात टाकला, तो तिघांचा झाला. संध्याकाळी वारा सुटला तसे ते दोनदा उठून रस्त्यापर्यंत जाऊन आले. फोन हातात घेतला, ठेवला, परत घेतला. शेवटी तो आपणच वाजला.

"कारवारला पोचलो," धोंडूबाई ओरडली. फोनमध्ये तिला अजून ओरडावंच लागतं. "कंबर झकास हाय. तुमी काय करताय?"

"काय नाय. वाट बगतोय."



"बगा, बगा. आता तुमची पाळी," ती म्हणाली आणि हसत सुटली. इतकी खूश ती लग्नातसुद्धा नव्हती.