तिसरा नकार

चैताली डॉक्टरीण म्हणजे सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ ऑफिस थाटून फोनवरून शेळ्यामेंढ्यांचं दुखणंखुपणं बघणारी बाई. 'जित्राब-सोबती' ही फोनसेवा तिनं काढली तेव्हा लोक हसले होते. मेंढरं काय आता फोनवर खोकणार काय, म्हणाले. पण महिना नव्व्याण्णव रुपये, कधीही फोन करा, डॉक्टर बोलणार, हे सांगोला-माळशिरसकडच्या मेंढपाळांना पटलं. ॲपवर एकदा बोट दाबलं की पैसे दर महिन्याला खात्यातून आपोआप जायचे. बघता बघता चार हजार घरं जोडली गेली.

जोडली गेली खरी, पण टिकेनात. दिवाळी झाली की माणसं मेंढरं घेऊन लांब चारणीला निघायची आणि जाता जाता बंद करून टाकायची. कॉम्प्युटरचं सगळं बघणारा सुमित म्हणाला, "मॅडम, फुटक्या घागरीत पाणी भरतोय आपण." तेव्हा चैतालीनंच डोकं लढवलं. आपल्याकडं पाहुणा जेवायला बसला, की पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदा नको म्हणतो, ते सगळं रीत म्हणून. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरला की मग खरं समजायचं. तोच नियम तिनं इथं लावला. ॲपमधलं बंद करायचं बटण काढलं. बंद करायचं तर फोन करायचा, आणि फोनवरच्या पोरींनी गोड बोलून आग्रह करायचा. तिसरा नकार आल्याशिवाय सोडायचं नाही. गळती निम्म्यावर आली आणि सुमितनं पेढे वाटले. अहो, पण पंगतीतला पाहुणा आणि खात्यातून पैसे जाणारा माणूस एकच का? तेवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तोंडात पेढा असताना कोण बोलतंय!

दोन वर्षं बरी गेली. मग ग्राहक आयोगाची नोटीस आली. सांगोल्याकडच्या एका वाडीवरच्या बाळाबाईची तक्रार होती, तिच्या लेकानं, धनाजीनं लिहून दिलेली. नवरा येडू वारला, आईनं फोन करून बंद करा म्हणून सांगितलं, तरी दोघांच्या नावावरच्या खात्यातून सात महिने पैसे जातायत. ही बातमी वाड्यावस्त्यांवर पसरायला कितीसा वेळ लागतो? रोज तीस-चाळीस घरं गळायला लागली. फोनसुद्धा करेनात, सरळ बँकेत जाऊन बंद करून यायला लागले. त्यात पैशांची वसुली बघणाऱ्या कंपनीनं कळवलं, की निकाल विरुद्ध गेला तर तुमचं काम आम्ही थांबवू. म्हणजे नऊ पोरींचा पगार थांबला आणि चैतालीची आठ वर्षं मातीत गेली.

वकील होते रुद्रप्पा, मूळचे अक्कलकोटकडचे. त्यांनी कागद वाचून चष्मा काढला.

"डॉक्टर, कायदा साधा आहे बघा. आत यायचं दार जेवढं, बाहेर जायचं दार तेवढंच पाहिजे. तुम्ही बाहेरच्या दारावर माणूस बसवला."

"मग आता?"

"बाईनं फोनवर हो म्हटलं असेल तर पायाखाली थोडी जमीन आहे. रेकॉर्डिंग ठेवता?"

"प्रत्येक फोनचं."

"मी उत्तरात तसं लिहून देतो. तुम्ही शोधा."

दोन दिवस शोधाशोध चालली. कुठल्या पोरीनं घेतला असेल फोन, काही वेडंवाकडं तर बोलली नसेल? तिसऱ्या दिवशी दुपारी सुमित ओरडलाच, "सापडलं, मॅडम! शेवटी बरं म्हणालीय म्हातारी!" चैतालीला इतकं हायसं वाटलं की तिनं लगेच वकिलांना बोलावून घेतलं. तिघं कॉम्प्युटरपुढं बसले.

"ते बंद करायचं हुतं, बाई," म्हातारा आवाज आला.

"का हो मावशी? मेंढरं विकली का?"

चैताली जागच्या जागी गार पडली. आवाज तिचाच होता. त्या आठवड्यात फोनवरची सोनम लग्नाला गेली होती आणि तिच्या जागी चैताली बसली होती.

"न्हाय, मेंढरं हायत. मालक वारलं आमचं."

"अरेरे. वाईट झालं. मग मावशी, आता तर तुम्हाला आमची जास्तच गरज. एक महिना फुकट देते."

"मला त्यातलं काय कळतंय, बाई. त्येच बघायचं सगळं."

"आम्ही आहोत की! दोन महिने फुकट देते, बास?"

मागं कुठंतरी कोकरू ओरडत होतं.

"बरं. तुमी म्हणताय तर."

"छान! काळजी घ्या हं, मावशी."

दीड मिनिट. चैतालीनं आठवून आठवून पाहिलं, तिला हा फोन आठवेना. दिवसाला असे साठ फोन घेतलेले, त्यातलाच एक. लाज वाटली, आणि आठवत नाही याची जास्त वाटली.

रुद्रप्पा मात्र खुशीत होते. "दमदाटी नाही, वाकडा शब्द नाही. उत्तम!"

"हे लावायचं नाही, वकीलसाहेब."

"आहे म्हणून लिहून दिलंय आपण. लपवलं तर मेलो, पुसलं तर गुन्हा."

"मग मी त्यांना पैसे देते, माफी मागते. मिटवून टाकू."

"मागा की. पण एक मिटवलं की मागं चारशे उभे राहतील. त्यांनाही मिटवणार?"

बाहेर पोरींचे फोन चालू होते. "थांबा ना, मावशी, ऐकून तर घ्या," एक जण म्हणत होती.

तारखेच्या दिवशी आयोगापुढं रेकॉर्डिंग वाजलं. चैतालीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाळाबाईला विचारलं, आवाज तुमचाच ना?

"व्हय, माजाच. मीच बरं म्हनलं की. त्या बाईचा काय दोस न्हाय."

"आई, गप की!" धनाजी दबक्या आवाजात म्हणाला.

"खोटं कशाला बोलू? आमचं मालक सांगायचं, डॉक्टरीणबाई सांगंल तसंच करायचं. तिनं आपली चाळीस मेंढरं वाचवली हायत."

आयोगानं निकाल राखून ठेवला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर रुद्रप्पांनी हळूच सांगितलं, की म्हातारीनं आपलं काम सोपं केलं, आता बहुतेक निभावेल. चैताली त्यांना काहीतरी उत्तर देत होती, तेवढ्यात तिचा आवाज ऐकून बाळाबाई चालता चालता थबकली आणि वळून जवळ आली.

"तुमीच व्हय त्या फोनवरच्या डॉक्टरीणबाई?"

चैतालीला पळून जावंसं वाटलं. "व्हय, मावशी. मीच."

बाळाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. रागबिग काही नव्हता.

"दर साली मेंढरांच्या दुखण्याला फोन केला की मालकांना नाव घिऊन बोलायचा तुमी. येडूदादा, म्हणायचा. म्हनून त्या दिशी मी फोन धरून बसले हुते. वाटलं, आता तरी इचारशीला, कशानं गेलं म्हनून."

चैतालीनं आता विचारलं, "कशानं गेले, मावशी?"

म्हातारीनं पदर सारखा केला. धनाजी पायरीवर थांबला होता, त्याच्याकडं तिनं पाहिलं.

"आता ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.