शंभर मैल झाले की परत आण

स्पोक हलतो आहे. चिमटीत धरला की हलतो, सोडला की शहाण्यासारखा सरळ उभा… तिने अलीकडचा दाबून पाहिला, पलीकडचा दाबून पाहिला. ते ताठ होते. मागच्या चाकाच्या छत्तीस स्पोकांतला हा एकच, व्हॉल्व्हपासून तिसरा. म्हणजे सकाळपासूनची टिकटिक बॅगेच्या बंदाची नव्हती तर. स्वतःची समजूत घालण्यात आपला हात कुणी धरणार नाही, हे तिने मान्य केलं, सायकल मैलाच्या दगडाला टेकवली आणि शेजारी बसली. दगडावर नव्वदचा आकडा होता.

आणखी नव्वद किलोमीटर. पाच दिवसांत तीनशे दहा झाले होते. "साठीला आलीस, आता हे काय नवीन खूळ?" असं भाऊ फोनवर म्हणाला होता, आणि तिने बिनदिक्कत डॉक्टरांचं नाव पुढे केलं होतं. खरं कारण ऐकून त्याने कपाळाला हातच लावला असता. चाक परत न्यायचं होतं. अप्पांनी सांगितलं होतं म्हणून.

अप्पा, तिचे वडील, सायकली दुरुस्त करत. दुकान कसलं, घराशेजारच्या बोळावर टाकलेला पत्रा. पण चाक बांधावं तर अप्पांनीच. रिकाम्या रिंगमध्ये स्पोक ओवायचे, मग चावीने पाव-पाव आटा कसत आऊट काढायचा—चाक फिरताना रिंग डावीउजवीकडे डुलते, तो आऊट—आणि शेवटी डोळे मिटून एकेका स्पोकवर नख मारून ऐकत बसायचं. गिऱ्हाईक खूश होऊन निघालं की मागून हाक, "अजून झालेलं नाही बरं का. शंभर मैल झाले की परत आणा." नवे स्पोक पहिल्या शंभर मैलांत आपापल्या जागी बसतात, एखादा सैल पडतो, तेव्हा एकदा कसला की वर्षानुवर्षं बघायला नको. देवावर अप्पांची श्रद्धा होती की नाही, कुणास ठाऊक, घरात कुणी कधी विचारलं नाही. पण गेलेला माणूस परत येतो, यावर होती.

तिची श्रद्धा काट्यावर. तेहतीस वर्षं प्रयोगशाळेत तिने पावडरी तोलल्या, दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत. जे तोलता येत नाही ते तिच्या वहीत नसे. नोकरी लागली, परगावी निघायची वेळ आली, तेव्हा अप्पांनी तिच्या सायकलला हे चाक बांधून दिलं होतं. "नुसतं ऐकून कसं कळतं हो, सगळे सारखे ताणलेत ते?" तिने विचारलं होतं. तरुणपणी माणसाला भारीच अक्कल असते. अप्पा म्हणाले होते, "शंभर मैल झाले की परत आण. मग सांग मला."

झाले नाहीत. कामावर जायला बस मिळाली, सायकल गॅलरीत उभी राहिली, तिच्यावर टॉवेल वाळले. सुट्टीत घरी गेलं की चप्पल काढायच्या आत प्रश्न, "झाले का शंभर?"

"कुठले हो अप्पा. वेळ कुठाय?"

"होतील, होतील."

एवढंच. एकदा तरी रागावले असते तर बरं झालं असतं. मी नुसतं 'छान बांधलंत' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तोंडात काय माझ्या दगड होता का? मग एका सुट्टीत विचारणारंच कुणी उरलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर तिने टायर-ट्यूब नवे घातले, रिंगला मात्र कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शंभर मैल भरले, तेव्हा ती रस्त्याकडेला थांबून मोठ्याने म्हणाली, "झाले, अप्पा." एका शेळीने मान वर करून पाहिलं. आता फक्त त्या बोळापर्यंत पोचायचं—तिथे पत्रा नाही, भावाची गाडी उभी असते—पण अप्पांनी जसं कसलं तसंच, दुसरा हात न लागलेलं चाक त्या जागी नेऊन उभं करायचं. आणि नेमका हा सैल पडला. पडणारच होता. अप्पांनी सांगितलंच होतं.

बॅगेत अप्पांची चावी होती, खाचा पाडलेली वाटोळी, कडा झिजलेली. पण किती फिरवायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवत होते तेव्हा ती हसत होती. ती उठली आणि सायकल हातात धरून पुढच्या गावापर्यंत चालत गेली.

तिथला सायकलवाला साधारण तिच्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने बॅगा उतरवल्या, सायकल उलटी केली, चाक फिरवलं, आणि स्पोकवर नख मारलं.

"बांधलंय जुनं, पण चाललंय कमी," तो म्हणाला.

"वडिलांनी बांधलंय."

"दुसऱ्यांदा कसलं नाही कुणी."

"परत न्यायचं राहून गेलं."

"मग कसू?"

तिने रिंगवर हात आडवा ठेवला. तो थांबला. "राहू दे म्हणाल तर राहू देतो. पण एवढं सामान घेऊन हे पुढं जायचं नाही, ताई. याचा भार शेजारचे दोघं ओढतायत. तेही जातील."

"तुम्ही कसलंत तर… त्यांचं काही राहील का यात?" ऐकताना तिलाच कसंतरी झालं, प्रयोगशाळेत कुणी असं विचारलं असतं तर तिनेच त्याला वेड्यात काढलं असतं.

तो हसला नाही. "बांधणारा एवढंच धरून चालतो, की पुढं कुणीतरी कसेल. सगळं आपल्याच हातून व्हायला पाहिजे म्हटलं, तर चाक बांधायचंच नाही कुणी."

तिने चावी काढून दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, आपली चावी बाजूला ठेवली, आणि पाव आटा फिरवला. पुन्हा पाव. मग शेजारचे, मग समोरचे, चाक फिरत राहिलं, आणि व्हॉल्व्हपासून तिसरा कुठला, याचा तिचा हिशेब चुकला. त्याने डोळे मिटले होते, नख मारून तो ऐकत होता. आता या चाकात अप्पांचं कसणं किती नि याचं किती, हे कुठल्याच काट्यावर सांगता आलं नसतं… खूप वाईट वाटेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. वाटलं ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाज.

"छान बांधलंत," ती म्हणाली.

"मी कुठं, मी नुसतं कसलं," असं म्हणून त्याने चावी पुसून तिच्या हातावर ठेवली.

रस्ता उताराचा होता. पाच दिवस ती दर थोड्या वेळाने मान वळवून मागचं चाक बघत आली होती. आता फक्त ऐकत होती. टिकटिक नव्हती. एक दगड मागे गेला, मग आणखी एक, त्यांच्यावरचे आकडे वाचायचे राहून गेले. त्या बोळात पोचल्यावर गाडीशेजारी सायकल उभी करून करायचं काय, कुणाला दाखवायचं, हे काहीच ठरलं नव्हतं. "छान बांधलंत," ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने, आणि उत्तरासाठी न थांबता पेडल मारत राहिली.