पारावरची रेंज आणि देवीची सुरी

जांबोटीपलीकडच्या आमच्या वाडीत मोबाइलची रेंज फक्त देवळाच्या पारावर मिळते, आणि अमावास्येला कौल सांगणारा शामूआप्पा देवरशीही तिथंच ठाण मांडतो. त्या अमावास्येला अख्खी वाडी पारावर लोटली होती. नागेंद्र आणि रूपालीच्या पोरीच्या रक्तात दोष कुणाकडून आला, ते आप्पा लिंबू कापून सांगणार होता. एकीकडे आप्पाची लिंबं, दुसरीकडे माझ्या हातातला फोन. गर्दी कुठं होती, ते सांगायला नको.

"ह्ये नागेंद्राच्या नावाचं!" म्हणत आप्पानं लिंबू कापलं. काही झालं नाही. मग त्यानं लाल मुठीची सुरी काढली. "सुनंसाठी देवीची सुरी येगळी असती!" रूपालीच्या नावाचं लिंबू कापताच लालभडक रस ओघळला. बाया किंचाळल्या.

"बगितलंसा? पोरीच्या रगतातली कीड आईच्या म्हायेरची! सून म्हायेरी कोगनोळीला धाडा, पोर हितं ठेवा. रगत आपसूक निवळंल."

सासू मालुबाईंनी रूपालीची पिशवी सकाळीच भरून ठेवली होती. चार वर्षांची चिन्मयी आईचा पदर सोडत नव्हती. माझं डोकं असं तापलं म्हणता!

मी इथला शाळामास्तर. चिन्मयीच्या रक्तात थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराची खूण सापडल्यापासून बेळगावच्या डॉक्टर भैरवी व्हिडिओ कॉलवर आईबापाला समजावत होत्या. ही नुसती खूण आहे, आजार नव्हे. पोरगी खेळेल, शिकेल. खूण आईकडून येते किंवा बापाकडून, म्हणून दोघांचंही रक्त तपासायला गेलं होतं. त्या दिवशी निकाल सांगायला त्यांनी फोन लावला आणि पडद्यावरून त्यांनाही हा तमाशा दिसला.

"मास्तर, त्याच सुरीनं सासूबाईंच्या नावाचं लिंबू कापायला सांगा."

"कापा की! मी काय भिते व्हय?" आप्पा सुरी लपवायच्या आत मालुबाईंनी ती हिसकावली आणि स्वतःच लिंबू चिरलं. लाल!

"आरं मुडद्या, म्या काय केलं?"

"आता आप्पाच्या नावाचं!" गर्दीतून भरमू ओरडला. तेही लाल निघालं. "आप्पा, तुलाबी म्हायेरी धाडायचं काय रं?"

"पात्यावर जास्वंदीचं फूल चोळून वाळवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "लिंबाचा आंबट रस लागला की ते लाल होतं. तुम्हीच करून बघा."

देवळामागं जास्वंद होतीच. मालुबाईंनी घरची विळी मागवली, लिंबू चिरलं, काही नाही. मग पात्याला फूल चोळून पुन्हा चिरलं, आणि देवी विळीतही आली. आप्पा तोवर बसथांब्याकडे सटकला होता. आमच्याकडे बस लवकर येत नाही, त्यामुळे पोरांना त्याची खोडी काढायला भरपूर वेळ मिळाला.

"निकाल सगळ्यांसमोर सांगू?" डॉक्टरांनी विचारलं. नागेंद्रनं मान डोलावली.

"सांगा," रूपाली म्हणाली. "दोष बी सगळ्यांसमोरच दिलाय मला."

"रूपालीच्या रक्तात खूण नाही. ती नागेंद्रकडून आलीय. त्याला आईकडून मिळाली असेल, नाहीतर वडिलांकडून."

"ह्यांच्याकडनंच असंल!" मालुबाई ताडकन म्हणाल्या. वर गेलेला नवरा काही उत्तर द्यायला येणार नव्हता.

डॉक्टरांना हसू आवरेना. "आजी, यात कुणाचाच दोष नाही. नाक, डोळे मिळतात तशी ही मिळते. फक्त चिन्मयीचं लग्न ठरवण्याआधी मुलाचंही रक्त तपासा. दोघांत खूण असली, तर बाळाला खरा आजार होऊ शकतो."

मालुबाईंनी रूपालीची पिशवी स्वतःच उचलली. "चल गं घरला. लिंबं बी घे. सरबत करू."

मंडळी, रक्तात काय आहे ते रक्त तपासून कळतं, लिंबू कापून नाही. आणि सुनेची पिशवी भरण्याआधी आपलंही रक्त एकदा तपासून घ्यावं. मालुबाईंनी पुढच्याच आठवड्यात घेतलं. खूण त्यांचीच निघाली.