पदराच्या कोपऱ्यातली खडी

नलूला गप्प बसता येत नाही, हे भोरच्या त्या अख्ख्या आळीला ठाऊक होतं. त्यातून मागल्याच आठवड्यात शाळा तपासायला दिपोटी आले होते. साऱ्या मुली माना खाली घालून बसल्या असताना नलूनं उठून फळ्यावर त्रैराशिक सोडवलं आणि दिपोटी म्हणाले, "शाब्बास!" झालं! तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागेनात. आपल्याला सुटणार नाही असं जगात काही असेल, हेच तिला पटेना.

तिचे वडील नाना, म्हणजे रघुवीर रंगारी, खडीकाम करायचे. लुगड्यावर ठशानं रंगीत वेल उठवायची, ती वाळली की दुसऱ्या ठशानं तिच्यावर शिजवलेल्या जवसाच्या तेलाचा चिकट लेप द्यायचा, आणि तो ओला आहे तोवर पुरचुंडीतून अभ्रकाचा चुरा टिपत जायचं. दोन दिवस ऊन दाखवलं की वेल अशी लखलखायची, की अंगणात उभी असलेली बाई नदीपलीकडून ओळखू यावी. ठसे मारायचे नानांनी, अभ्रक टिपायचं नलूनं. त्यामुळे तिच्या भुवयांवर, वहीत, कधीकधी भाकरीवरसुद्धा चमचम असायची. वर्गातली सुलू म्हणायची, "तुझं शुद्धलेखन चमकतं हो नले, निदान उन्हात धरल्यावर तरी!"

माघातल्या एका सकाळी गुंजवण्याच्या ठकुबाई दुकानाची पायरी चढल्या. लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं भोरला आली होती आणि ठकुबाईंच्या भावाकडं उतरली होती. त्यांचा बंडू मुंबईला गिरणीत होता. त्यानं नवरीसाठी हिरवं लुगडं पाठवलं होतं, पोत चांगला, पण अंगावर एक टिंबसुद्धा नाही.

"रंगारीदादा, ह्याच्यावर काय तरी करा बाबा," ठकुबाईंनी लुगडं पुढ्यात टाकलं. "लेकानं नवरीला लुगडं धाडलंय का गोधडीला अस्तर, तेच समजंना."

नाना हसले. "पदर भरून देतो. वेल घालू की कोयऱ्या?"

"दोनी घाला. पन डोक्यावर येत्याल अशा. मागं माज्या भावजयीच्या साऱ्या कोयऱ्या बसायच्या जागंवर आल्या हुत्या! एका पंगतीत निम्म्या झडल्या." त्यांनी मागं उभ्या असलेल्या मुलीला पुढं ढकललं. "ही नवरी. पासलीची हाय. हिच्याच अंगावर माप घ्या. आमी कासाराकडनं जाऊन येतो तवर."

माप घेणं नलूचं काम. तिनं मुलीला आतल्या खोलीत नेलं, अंगावरच्या लुगड्यावरूनच तो हिरवा पदर तिच्या डोक्यावर घेतला आणि कोळशानं खुणा करायला लागली. मुलगी नलूपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेल. हात लावणी-कापणीचे, डोळे मात्र सगळीकडं भिरभिरणारे.

"नाव काय गं तुझं?"

"फुडल्या शुक्रवारी लगीन. तवर ठकू."

"आणि मग?"

"मग सगुणा. सासूचं नाव ठकुबाई, ऐकलं न्हाईस का? उद्या नवऱ्यानं 'ठके, पानी आन' म्हनलं, तर आईचं नाव घेतल्यावानी व्हईल. म्हून बदलायचं ठरलंय."

"पण तुला कुणी विचारलं?"

ठकू खुदकन हसली. "लुगड्याला इचारता व्हय तुमी, कंचा रंग लावू म्हून?"

नलूच्या हातातला कोळसा पदरावर थांबला.

"माज्या आजीनं ठेवल्यालं नाव," ठकू हळूच म्हणाली. हसू गेलं होतं. "बांधावर हुबी ऱ्हाऊन हाक मारायची. समदं खोरं ऐकायचं. आता ती न्हाई. सगुणा म्हून कुनी हाक मारली, तर मला वळायचं सुचंल का, ह्येचीच धास्ती वाटती बग. म्या हुबीच ऱ्हायले तर?"

त्रैराशिकाच्या वेळी जे झालं होतं तेच आता झालं. नलूला एकदम सुचलं आणि सुचताक्षणी तोंडातून निघालंसुद्धा.

"मी लिहिते ना! पदराच्या कोपऱ्यात, वेलीतच गुंफून. दोन तर अक्षरं. बघणाऱ्याला पानंच वाटतील. तुझ्या सासूबाईंना वाचता येतं?"

"आमच्या दोन गावांत मिळून कुनाला येतंय!"

"मग झालं तर!"

ठकूनं तिचा हात घट्ट धरला. एवढा जोर त्या हातात असेल, असं नलूला वाटलं नव्हतं.

त्या दुपारी नानांनी पदर छापला, नलूनं अभ्रक टिपलं आणि नाना जेवून जरा आडवे झाले. नलूनं बोरू घेतला. तेलाचा लेप तिनं घेतला नाही. तेलाचं अक्षर एकदा बसलं की बसलं, नाना उठले तर कुठं लपवायचं? त्यापेक्षा डिंकाचं पाणी बरं, ओला बोळा फिरवला की साफ. चार-दोन फराटे मारून तिनं वेलीच्या पानांत 'ठकू' बसवलं, त्यावर अभ्रक टिपलं आणि लांबून बघितलं. काय दिसत होतं म्हणून सांगावं! पहिल्या धुण्यात हे जाईल, हे तिला माहीत होतं. डिंकाचं तिनं सकाळीच ठरवलं होतं आणि तेव्हाच ठकूला सांगावं असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण ठकूचा चेहरा इतका फुलला होता, की ते राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी ठकुबाई लुगडं न्यायला आल्या, बरोबर ठकूही होती. नानांनी पदर उन्हात पसरला. ठकुबाई उकिडव्या बसल्या आणि तांदूळ निवडताना खडा शोधावा तशा बोटांनी एकेक कोयरी चाचपत निघाल्या.

"ब्येस झालंय. आता कुनी अस्तर म्हनायचं न्हाई." बोटं कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली. त्यांनी अंगठा उन्हात धरला. अंगठ्यावर अभ्रक चमकत होतं.

"रंगारीदादा, बाकीची खडी हाताला लागली न्हाई. ह्ये एकच पान का सुटतंय?"

नाना वाकले. त्यांनी ती दोन अक्षरं वाचली आणि नलूकडं रोखून पाहिलं. "पोरीनं शिकताना वेल काढलीय वाटतं," ते सावकाश म्हणाले. "पुसून देतो. काही डाग राहायचा नाही."

हो, वेलच आहे, एवढं म्हटलं की सुटका होती. नलूनं तोंड उघडलंसुद्धा. पण बोलली ठकू.

"ती वेल न्हाई, आत्याबाई. माजं नाव हाय. म्याच लिवाय सांगितलं."

ठकुबाईंनी अंगठा जिभेला लावला आणि पहिल्या अक्षरावरून एकदा फिरवला. एकदाच. 'ठ' गेला. हिरव्या कापडावर जरासा ओलावा उरला आणि त्याच्या शेजारी नुसतं 'कू' चमकत राहिलं.

ठकूनं सासूकडं बघितलं नाही. तिनं नलूकडं बघितलं.

"येवड्यानं जानार हुतं व्हय?" तिनं विचारलं. "मला सांगितलं न्हाईस."

दिपोटींसमोर न अडखळणारी नलू अडखळली. आपण परवा दिवसभर स्वतःवर किती खूश होतो! हिला आपण काय दिलं होतं? आपल्याला धरलं तर पुसता येईल, एवढंच बघून दिलेलं नाव. चूक उघडी पडली म्हणून नव्हे, तर ही पोर सासूसमोर सरळ उभी राहिली आणि आपण आधीच पळवाट ठेवून बसलो होतो म्हणून तिचे कान तापले.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

ठकुबाई अजून अंगठ्याकडंच बघत होत्या. "ह्या नावानं मला शेवटची हाक कुनी मारली, याद न्हाई," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "बंडूची आई. मामी. आत्याबाई. धनी तर जल्मभर 'अगं ए' म्हनत्यात. नाव माजं म्हून घरात दुसऱ्या कुनाला ठेवायचं न्हाई, आन मला तरी त्या नावानं कुनी बोलवतंय व्हय? पेटीत ठेवल्यालं हाय नुसतं." त्यांनी ठकूकडं मान वळवली. "घरात तुला सगुणाच म्हनत्याल. ते मोडायचं माज्या हातात न्हाई. कारभाऱ्यांनी ठरवलंय."

"व्हय, आत्याबाई."

"आन हाक मारल्यावर वळायचं. पातेलं हातात धरून खांबावानी हुबी ऱ्हाशील, तर मी बोलनारच."

"व्हय."

ठकुबाईंनी नलूकडं पाहिलं. "पोरी, तुमच्या त्या तेलात लिवलं तर?"

उत्तर नानांनी दिलं. "लुगडं विरेल, पण अक्षर निघायचं नाही, ठकुबाई. उद्या घरात कुणी वाचलं, तर मला दोष देऊ नका. विचार करा."

"केला की. लिवा."

"आणखी दोन दिवस वाळवावं लागेल."

"भावाचंच घर हाय. जेवू-खाऊ घालंल."

नलूनं ओल्या बोळ्यानं उरलेलं 'कू' पुसलं आणि कापड सुकू दिलं. नानांनी तेलाची वाटी तिच्यापुढं सरकवली. आजवर त्यांनी तिला लेपाला हात लावू दिला नव्हता. आता ते नुसतं एवढंच म्हणाले, "घाई करू नकोस." परवा फराटे मारताना उडणारा तिचा हात आज बोरू टेकवायलाच तयार होईना. हे पुसता येणार नव्हतं. ठकू म्हातारी होईल, हे लुगडं पेटीच्या तळाशी जाईल, आणि हा 'ठ' तिथंच असेल, नीट आला तर नीट, वाकडा आला तर वाकडा. तिनं श्वास धरला आणि गोल काढला. मग दांडी. मग 'क', त्याची वाटी, शेपटी, आणि खालचा उकार. फळ्यावरचं अख्खं गणित तिनं याहून कमी वेळात केलं होतं.

मग पुरचुंडीनं अभ्रक टिपलं, सुटा चुरा हलकेच फुंकून काढला. अक्षरं उन्हात उभी राहिली. 'ठ' किंचित ढेरपोट्या झाला होता.

ठकू एका बाजूनं वाकली, ठकुबाई दुसऱ्या बाजूनं. दोघींचंही बोट एकदमच त्या कोपऱ्याकडं गेलं.

"अजून ओलं आहे!" नलू ओरडली.

आणि दोघींनी आपापला हात झटकन मागं घेतला.