रश्शाची पारख

दुकानातून नमुन्याला आणलेले रश्शाचे, म्हणजे जाड दोरखंडाचे, दोन तुकडे अल्पेशने खाऱ्या पाण्यात बुडवले, पिळले आणि तसेच गळके बाबाच्या मांडीवर ठेवले.

"डोळे मिट, बाबा."

"मना नको शिकवू," म्हणत तुळशीदासने डोळे मिटले.

अख्ख्या मनोरीत कुणालाही रस्सा घ्यायचा तर तुकडा आधी तुळशीदासकडे यायचा. तो डोळे मिटून उजव्या मुठीतून सर्रकन ओढायचा आणि सांगायचा, हा दोन वर्षं टिकेल, हा पहिल्याच झटक्याला दगा देईल. कधी म्हणजे कधी चुकला नाही! मग होळीनंतर त्याच्या उजव्या अंगाला लकवा मारला. पण बोलणं सावरलं, हात हलायला लागला, घास उचलायला लागला, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो.

आता वाडीमागच्या बनात वादळाने सुरूची तीन झाडं आडवी पाडलेली. ओंडके ओढून आणायचे, बोंबील वाळवायच्या वलांडीला खांब करायचे. ओला ओंडका म्हणजे हत्ती, पाच जण ओढणार, आणि ताणलेला रस्सा तुटला की चाबकासारखा मागे येतो. जयवंतकाकाचा डोळा तसाच गेलेला.

तुळशीदासने पहिला तुकडा ओढला. "ठीक हाय." दुसरा ओढला, परत ओढला, सावकाश. "ह्यो घे. लोण्यासारखा हाय."

अल्पेश बघतच राहिला. दुसऱ्या तुकड्याचे कडक धागे जागोजागी तुटून वर आलेले, तळव्यात घुसलेले. मुठीतून रक्ताची बारीक रेघ मनगटाकडे चाललेली, आणि बाबा डोळे मिटून हसत होता.

"काय रं, पटला ना?"

"पटला की! हाच आणतो." त्याने घाईघाईने बाबाचा हात टॉवेलात गुंडाळला. "थांब, ओला झालाय."

तो हात त्याने बराच वेळ सोडलाच नाही. मग फेरीबोटीने मार्व्याला उतरला, दुकान गाठलं आणि पहिल्यातलाच रस्सा घेतला.

रविवारी बनाच्या कडेला खुर्ची टाकून तुळशीदासला बसवलं. त्याच्या उजव्या तळव्याला पट्टी होती. कशाने लागलं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. तिन्ही ओंडके एका दमात बाहेर आले आणि पोरांनी एकच ओरडा केला.

"रस्सा झकास आहे यार! कुणी निवडला?" नंदूने विचारलं.

"बाबानं. अजून कोण?" अल्पेश म्हणाला.

रश्शाचं टोक तुळशीदासच्या पायाशी पडलं होतं. त्याने वाकून ते उचललं. डाव्या हाताने. डोळे मिटले, मुठीतून एकदा ओढलं. मग मूठ उघडून तळवा नीट बघितला. साफ होता.

खिशात त्याने त्या दिवशीचा दुसरा, 'लोण्यासारखा' तुकडा जपून ठेवला होता. तो काढला, खाली टाकला आणि पायाने हळूच वाळूत ढकलला.

"नंदू," तो म्हणाला, "पुढल्या खेपेला तुझा तुकडा अल्पेशला दाव. मी शिकवलंय त्याला."