ऐकणाऱ्याची खुर्ची

स्लाइडवरचे हस्तांदोलन करणारे दोन हात तिने निवडले आणि पुसून टाकले.

एक दार. भिंत नाही, खोली नाही, नुसत्या चौकटीत उभं केलेलं. उघडतं, मिटतं, उघडतं.

"आजोबांचा फोटो तरी राहू द्या हो."

वर वर चढत जाणारे निळे बाण. गेले.

डोळे मिटून बसलेली एक बाई, मांडीवर तेलाचे डाग पडलेलं फडकं. झोपलेली नाही.

आज सकाळपासून तुम्ही उघडलेलं एक तरी दार आठवतंय?

हे सगळं एकाच इमारतीत चाललं होतं. खाली बिजागऱ्यांचा कारखाना, जिना चढून वर गेलं की कचेरी. कचेरीतल्या लांब टेबलाशी बसून कात्री स्लाइड कापत होती. कात्री हे तिला जुन्या ऑफिसात पडलेलं नाव. लोक तिच्याकडे भरगच्च प्रेझेंटेशन घेऊन यायचे आणि भर हिवाळ्यात कोणी स्वेटर काढून घेतल्यासारखे परत जायचे. आता ती नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि त्यातलं हे पहिलं.

उद्या दारं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची माणसं इथे येणार होती. बिजागरीवाल्याला कारखाना त्यांना विकायचा होता. त्यांनी 'घेतो' म्हणावं, एवढंच या प्रेझेंटेशनचं काम. कात्रीचाही जीव त्या एका शब्दात अडकलेला होता. अशा माणसांनी तिचं काम एकदा डोळ्यांनी पाहिलं, की पुढच्या कामांसाठी तिला दारोदार फिरावं लागणार नव्हतं.

बिजागरीवाल्याने स्वतः रचलेलं प्रेझेंटेशन आजोबांपासून सुरू व्हायचं. मग वडील, मग यंत्रं, मग यंत्रांची ताकद, मग प्रमाणपत्रं, आणि शेवटी उगवत्या सूर्यासमोर 'धन्यवाद'. पहिल्या भेटीत ते सगळं मुकाट्याने पाहून झाल्यावर कात्रीने विचारलं होतं, ही माणसं खुर्चीतून उठतील तेव्हा त्यांनी काय करावं? तो म्हणाला, विचार करावा. ती म्हणाली, विचार ते गाडीत करतील आणि घर येईपर्यंत विसरतील. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून तो म्हणाला, सही करावी. तिने एका कोऱ्या कागदाच्या तळाशी 'सही' असं लिहिलं आणि तिथून उलटं वर यायला सुरुवात केली.

कारखाना का विकायचा, हेही तिने विचारलं होतं. तो म्हणाला, कंटाळा आला. त्याच्या एका मित्राने आपलं दुकान विकलं आणि आता तो दिवसभर तळ्याकाठी गळ टाकून बसतो. मासे लागतात का, असं तिने विचारल्यावर तो म्हणाला, ते मी कधी विचारलं नाही.

त्याची मोठी बहीण अर्ध्या कारखान्याची मालकीण होती. कामगारांपासून टपाल आणणाऱ्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणत. तयार झालेल्या प्रत्येक खेपेतल्या काही बिजागऱ्या ती कचेरीच्या कोपऱ्यातल्या त्या सुट्या दाराला लावायची आणि दार हलवत, डोळे मिटून ऐकत बसायची. विक्रीची गोष्ट निघाली तेव्हा तिने 'तू म्हणशील तसं' एवढंच म्हटलं आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

कात्रीची एक पद्धत होती. जुन्या ऑफिसात तिला सगळे हसायचे. ज्याला उद्या बोलायचंय, त्याला ती आदल्या दिवशी आधी बोलूच द्यायची नाही. त्याला ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसवायची आणि त्याच्या जागी स्वतः उभी राहून सगळं बोलून दाखवायची. समोरचा कुठे चुळबुळतो ते समोर बसल्याशिवाय कळत नाही, असं तिचं म्हणणं.

"म्हणजे मी गिऱ्हाईक?" बिजागरीवाल्याने विचारलं.

"तुम्ही दारांच्या कंपनीचे मोठे साहेब. तुम्हाला घाई आहे, आणि यातल्या एका अक्षरावर तुमचा विश्वास नाही."

"ते जमेल. माझा आत्ताही नाही."

ताईने फडकं घडी करून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. मोठ्या साहेबांबरोबर कोणीतरी असतंच, ते मी, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं.

त्याला या नाटकाची गंमत वाटली असावी. पायावर पाय टाकून, वरचा पाय हलवत तो मागे रेलला, घड्याळात बघितलं, आणि इथे कॉफी मिळत नाही का, असं छताला उद्देशून विचारलं. ताई म्हणाली, चहा मिळतो, आणि तोही वेळेवर आलेल्यांना.

कात्रीने पडदा उजळला.

*आज सकाळपासून तुम्ही उघडलेलं एक तरी दार आठवतंय?*

ती काही बोलली नाही. गप्प राहणं हा त्या स्लाइडचाच भाग होता. तो नकळत कचेरीच्या दाराकडे वळला, मग परत पडद्याकडे.

*आठवत नसेल, तर बिजागरी चांगली होती.*

त्याला हसू फुटलं. मग आपण साहेब आहोत हे लक्षात येऊन त्याने ओठ आवळले.

पुढच्या स्लाइडवर एक शब्दही नव्हता. दवाखान्यातली लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना झोपलेली माणसं, आणि टोकाचं दार ढकलून आत येणारी नर्स. कात्री सांगू लागली. दुखणं सोसून सोसून ही माणसं कशीबशी झोपली आहेत. ती आत आली हे कोणालाही कळता कामा नये. तिचं निम्मं कौशल्य तिच्या पावलांत आहे. उरलेलं कुठे आहे, ते तिलाही माहीत नाही.

"हे ठीक आहे," तो म्हणाला. आवाज साहेबांचाच होता, पण पाय आता हलत नव्हता. "पण बिजागऱ्या काय, कोणीही बनवतो."

कात्रीने त्याचं उत्तर दिलं. मग त्याने यंत्रं जुनी असल्याचं काढलं. ती म्हणाली, जुनी आहेत खरी, आणि म्हणूनच कुठलं कधी कुरकुरणार हे इथल्या माणसांना पाठ आहे. त्यानंतर तो एकेक प्रश्न असा काढू लागला, की दारांच्या कंपनीतल्या कोणाला तो सुचलाच नसता. आतली दुखरी जागा ठाऊक असल्याशिवाय इतकं नेमकं बोट कोणी ठेवत नाही. कात्री उत्तरं देत गेली. काही आधीपासून तयार होती, काही तिने तिथल्या तिथे जुळवली.

"आणि मालक थकलाय म्हणे," तो शेवटी म्हणाला. "थकलेल्या माणसाचा कारखाना मी का घ्यावा?"

कात्री रिमोट या हातातून त्या हातात घेत राहिली.

"थकलाय तो तुमच्यासारख्यांबरोबर बैठका करून करून," ताई म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. "बिजागऱ्यांनी नाही."

खाली एक यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. कात्रीने पुढची स्लाइड लावली.

ही स्लाइड ती प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये घालायची, आणि नेहमी शेवटच्याच्या आधी. नवं काही मिळणार म्हणून माणूस सहसा खुर्चीतून उठत नाही. हातातलं जाणार म्हटलं की उठतो. रस्त्यापलीकडून काढलेला कारखान्याच्या फाटकाचा फोटो. फाटक बंद. वरच्या खिडकीत दिवा.

*हे दुसऱ्या कोणाचं झालं तर?*

"समजा, वर्ष उलटलंय," ती म्हणाली. "तुम्ही याच रस्त्याने चालला आहात. आतून यंत्रांचा आवाज येतोय, तुम्ही चालता चालता थांबता. तेव्हा एक शब्द बोलला असतात, तर हे फाटक तुमचं असतं. आता तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर उभे आहात. आत जायला तुमच्याकडे काही कारण नाही."

दारांच्या कंपनीच्या साहेबांसाठी तिने ही वाक्यं लिहिली होती. कुठे श्वास घ्यायचा तेही ठरवलं होतं. बोलून झाल्यावर ती सवयीने ऐकणाऱ्याच्या हातांकडे बघू लागली. बिजागरीवाल्याने पाय खाली घेतला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. घड्याळाकडे त्याने मघापासून बघितलं नव्हतं.

शेवटची स्लाइड आली. *हे पुढे तुम्ही चालवाल?* खाली सहीसाठी एक रेघ.

तो पडद्याकडे बघत राहिला.

"घेतो," तो म्हणाला.

आवाज साहेबांचा नव्हता.

कात्रीच्या ओठांवर शेवटचं वाक्य तयार होतं. ते गिळून तिला हसता आलं असतं. छान झाला सराव, आता तुम्ही उभे राहा, मी बसते, एवढं म्हटलं असतं तरी तो खुर्चीतून उठला असता, चेहऱ्यावरून हात फिरवला असता, आणि उद्याची माणसं ठरल्याप्रमाणे येऊन बसली असती. पण तिच्या धंद्याचा एक नियम तिने कधी मोडला नव्हता. समोरच्याने हो म्हटलं की पुढे एक शब्द बोलायचा नाही. होकारावर जास्तीचं बोललं की तो डळमळतो.

तिने लॅपटॉप मिटला. पडदा पांढरा झाला.

बिजागरीवाला थोडा ओशाळला होता. बहिणीकडे न बघता तो म्हणाला, की अर्धं तुझं आहे, तुला सुटायचं असेल तर स्पष्ट सांग. ताई म्हणाली, सुटून मी जाणार कुठे, मला मासे आवडत नाहीत. मग त्याच्या एकदम लक्षात आलं.

"उद्या ती माणसं यायची आहेत, ताई. त्यांना काय तोंड दाखवायचं?"

"मी सांगते त्यांना. तू नको त्यात पडू, तुला धड नाही म्हणता येत नाही."

ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि लगेच बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

त्याने मान हलवली, थोडा वेळ घुटमळला, आणि बाह्या वर सरकवत जिना उतरून गेला. खाली कोणाशी तरी तो मोठ्याने बोलू लागला. कुठलं तरी यंत्र किती दिवस असं कुरकुरतंय, आणि मला कोणी सांगत का नाही, असं काहीसं.

कात्री वायर गुंडाळू लागली. मन खट्टू होईल म्हणून ती वाट बघत होती. तसं काही होईना. उलट बरं वाटत होतं, अंगात कणकण होती आणि उतरली, तसं. ताईने दोन कप चहा ओतला. एक तिच्यासमोर ठेवला, दुसरा स्वतःकडे ओढला.

"तुझं नुकसान झालं का गं, कात्रीबाई?"

"तुमच्या पाहुण्यांनी पाहिलं असतं तर मला पुढे कामं मिळाली असती."

"पटवायला बोलावलं होतं तुला. पटवलंस की," ताई म्हणाली. "आणि याच्याइतका अवघड माणूस त्यांच्यात एकही नव्हता."

कात्री हसली. चहा गरम होता. फुंकर घालत दोघी खालचे आवाज ऐकत बसल्या.

ताईने दारांच्या कंपनीला 'येऊ नका' असा फोन केला होता तो त्या दिवशी सकाळीच, कात्री जिना चढून वर येण्याआधी.