लेओनारचं जू

सप्टेंबरातल्या वारसा-दिवसांना इकडची सगळी संग्रहालयं फुकट असतात, आणि गावातल्या जुन्या गोठ्यात उघडलेल्या संग्रहालयात आर्लेत व्हेर्न्यो फक्त तेव्हाच जायची. ज्या गोठ्यात आपण लहानपणी शेण काढलं, त्यात तिकीट काढून शिरायचं, इतकी काही तिची मती फिरली नव्हती.

गोठा तिचा, हे आपलं सवयीने. कागदावर तो दुब्रेईंचा, आणि भोवतालची जमीनही त्यांचीच. आर्लेतचा बाप लेओनार ती बावीस वर्षं अर्धेलीने कसत होता. राबायचं त्याने, निम्मं न्यायचं मालकाने, वर कोंबड्या आणि लोणी मालकाच्या दारी पोचवायचं ते वेगळंच. मग लेओनार एकदा कुळांच्या सभेला गेला. ती बातमी मालकाच्या कानावर गेली आणि १९५७च्या सेंट मार्टिनच्या दिवशी त्याला निघायला सांगण्यात आलं. अर्धेलीचे करार त्याच दिवशी सुटायचे. नोव्हेंबरच्या थंडीत इथल्या रस्त्यांवर कुळांच्या गाड्याच गाड्या दिसायच्या. लेओनारनेही गाडी भरली. तेवढ्यात मालक आला आणि त्याने गाडीवरच्या सामानातलं जू उतरवून घेतलं. म्हणाला, "झाड माझं होतं. तेव्हा जूही माझं."

इकडे जू खांद्यावर ठेवत नाहीत, शिंगांना चामड्याच्या वाद्यांनी आवळून बांधतात. त्यामुळे प्रत्येक जोडीच्या डोक्याचं माप घेऊन ते कोरावं लागतं. लेओनारने ते जू अख्खा हिवाळा खपून कोरलं होतं. आता ते गोठ्याच्या भिंतीवर टांगलेलं होतं आणि खाली पाटी होती: "जू. बर्चचं लाकूड. दुब्रेई कुटुंबाची देणगी. कारागीर अज्ञात."

तो शब्द आर्लेतला दर वर्षी कुसळासारखा टोचायचा. बापाचं नाव ना जमिनीच्या कुठल्या कागदावर, ना कुठल्या दगडावर. कबरीवरचा लाकडी क्रूससुद्धा कधीच कुजून गेला होता. निदान या पाटीवर तरी ते यावं, आपण मरायच्या आत यावं, एवढंच तिला हवं होतं. ऐंशी पुरी झाली तेव्हा तिने मनाचा हिय्या केला आणि संग्रहालयाच्या अध्यक्षाला गाठलं. अध्यक्ष कोण, तर त्याच मालकाचा नातू झिस्लँ. लिमोजला जन्मभर लोकांचे दात उपटून निवृत्त झाला होता आणि आता गावाचा इतिहास सांभाळत होता. आयत्या बिळावर नागोबा!

"मालक," ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. या वयातही तोंडात तोच शब्द यावा याचा तिला भयंकर संताप आला. "हे जू माझ्या बापाने घडवलंय. अज्ञात काय लिहिता?"

"असेल हो, आर्लेतबाई, असेल. पण संग्रहालय म्हणजे काही पारावरच्या गप्पा नव्हेत. पुरावा लागतो. एखादा कागद, पावती?"

"कागद सगळे तुमच्या आजोबांच्या कपाटात. माझ्या बापाला कुठे लिहिता येत होतं? ते जू खाली काढा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तिने पिशवीतून बापाचा लाकडी बूट काढला. तळव्यावर तापल्या सळईने उठवलेली त्याची खूण होती: एक गोल आणि त्याला तीन रेघा. पाहुणे जमलेच होते, त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार? दोघांनी शिडी लावून जू उतरवलं. डाव्या बैलाचं डोकं बसतं त्या खोबणीत, आतल्या बाजूला, तोच गोल आणि त्याच तीन रेघा निघाल्या. झिस्लँ दुब्रेईने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "पाटी बदलतो. शब्द देतो तुम्हाला."

वर्षभर आर्लेत ताठ मानेने वावरली. पाववाल्याच्या दुकानात ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची. बापाच्या कबरीवरही जाऊन मोठ्याने सांगून आली. इतकी सुखी ती लग्नातही नव्हती.

पुढच्या सप्टेंबरात ती केस सेट करून, बाजारातला नवा निळा कोट घालून गेली. माहिती सांगणारी क्लारीस दारातच भेटली. "आजी, आलात! तुमचीच वाट बघत होतो." आत जुन्या पाटीच्या जागी दाराएवढा फलक उभा होता. वर ठळक अक्षरात बापाचं नाव. आर्लेतचे डोळे भरून आले. मग चष्मा पुसून तिने खालचं वाचलं.

"लेओनार व्हेर्न्यो याने आपल्या मालकांसाठी प्रेमाने घडवलेलं जू. गाव सोडताना त्याने ते कृतज्ञतेने दुब्रेई कुटुंबाच्या हाती ठेवलं. मालक आणि कूळ यांच्यातल्या जिव्हाळ्याची ही खूण."

तिने ते दोनदा वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"समितीने," झिस्लँ कौतुकाने म्हणाला. "माझे आजोबा सांगायचे अगदी तस्संच. छान झालंय की नाही?"

"माझ्या बापाने दिलं नव्हतं ते. गाडीवरून उतरवून घेतलं. मी बसले होते गाडीवर."

"तुम्ही तेव्हा लहान होता, आर्लेतबाई. आणि जुनी उणीदुणी वाचायला कोण येतं इथे? लोक पोराबाळांना घेऊन येतात."

"मग नाव पुसा. पुन्हा अज्ञात लिहा."

"आता कसं पुसणार? पुस्तिकाही छापून झाल्या." तो हसला. "आणि पुरावा तर तुम्हीच आणून दिलात."

तेव्हा आर्लेतच्या तोंडून फ्रेंच निघेचना. निघाली ती बापाची बोली, शाळेत मास्तरांनी छड्या मारून घालवलेली, बैलांशी आणि घरात बोलायची. "चोरा! तुजा आजा चोर, तुजा बाप चोर, आन् तू चोरीवर फुलं वाहणारा! माज्या बापाला थंडीत रस्त्यावर काढलंत, त्याचं लाकूड लुटलंत, आता त्याचं नावबी लुटलंत! तुमच्या घरात मरताना पाणी पाजायला कुणी उरू नये!" नव्या कोटावर थुंकी उडत होती, पण तिला थांबता येईना.

"ऐका, ऐका!" क्लारीस पाहुण्यांना हळूच म्हणाली. "ही इथली जुनी बोली. आता कुणाला कळतही नाही, कुणाच्या तोंडी ऐकायलाच मिळत नाही." फोन वर झाले. एका बाईने आपल्या मुलीला खांद्यावर उचलून घेतलं. आर्लेतचा श्वास संपला तसा सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

झिस्लँ दुब्रेईही टाळ्या वाजवत होता. त्याचे डोळे पाणावले होते. "पुढच्या वर्षी दोन्ही दिवस या, आर्लेतबाई," तो म्हणाला. "दुपारी तीनची वेळ ठेवू तुमच्यासाठी."